सर्व्हिस बंद करताय? जरा दमानं घ्या

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहून गेलो, की कॉम्प्युटर स्लो असेल तर मागं गुपचूप चालणाऱ्या नको त्या सर्व्हिस बंद करता येतात. बास, एवढंच. ती एक ओळ महागात पडली. महिनाभर मेसेज येतायत आणि त्यातल्या निम्म्या मंडळींनी आधी बंद करून टाकलंय आणि मग विचारलंय. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. म्हणून ह्या वेळी सगळे प्रश्न ह्याच विषयावरचे घेतलेत. नावं छापत नाही, दोघातिघांनी ‘ऑफिसात कळता कामा नये’ असं खास लिहिलंय.

प्रश्न : माझ्याकडे विंडोज टेनचा जुना लॅपटॉप आहे, 8 जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. बटण दाबून मी रंकाळ्याला एक चक्कर मारून येतो तरी तो तयार नसतो. टास्क मॅनेजर उघडला तर ‘सर्व्हिस होस्ट’ हेच नाव सत्तर-ऐंशी वेळा दिसतं. हा व्हायरस आहे का? ह्यातले किती बंद केले तर चालेल? — एक निवृत्त शिक्षक, फुलेवाडी

सर, व्हायरस नाही. आणि तो आकडा बघून घाबरू पण नका, कारण त्यात एक गंमत आहे. पूर्वी विंडोज आठ-दहा सर्व्हिस एकाच सर्व्हिस होस्टच्या पोत्यात घालायचं, रॅम वाचवायला. त्यात एक सर्व्हिस पडली की पोत्यातल्या बाकीच्या पण पडायच्या, आणि नेमकी कोण रॅम खातीय ते कळायचंच नाही. 2017 साली विंडोज टेनचं 1703 व्हर्जन आलं, तेव्हापासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सर्व्हिसना वेगवेगळं पोतं मिळतं. म्हणून तुम्हाला ऐंशी दिसतायत. सर्व्हिस तेवढ्याच आहेत, फक्त आता त्या मोजता येतात.

सर्व्हिस म्हणजे काय तर खिडकी नसलेला प्रोग्राम. तुम्ही लॉगिन करायच्या आधीपासून मागं बसून काम करणारा. आवाज, वायफाय, प्रिंट, फायरवॉल सगळं त्याच्याच जिवावर. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ टाकलं की सगळी यादी येते, आणि त्यात ‘स्टार्टअप टाइप’ नावाचा एक रकाना असतो. सगळा खेळ त्या रकान्यात आहे.

हे गल्लीतल्या वायरमनसारखं समजा. ऑटोमॅटिक म्हणजे सकाळी दुकान उघडायच्या आत दारात हजर. ऑटोमॅटिक डिलेड म्हणजे तोच गडी, पण बाकीचे सगळे आले की साधारण दोन मिनिटांनी येतो, मधी गर्दी करत नाही. मॅन्युअल म्हणजे घरी बसलाय, फोन केला की येतो आणि फोन तुम्ही नाही, विंडोज स्वतःच करतं. डिसेबल्ड म्हणजे त्याला गावातनंच घालवला, आता शॉर्टसर्किट होऊन धूर निघाला तरी येणार नाही. लोक करतात काय तर सरसकट डिसेबल्ड करतात. कशाला? मॅन्युअल करा की. काम नसेल तर तो येत नाही, काम पडलं तर बहुतेक वेळा येतो. यादीत आधीच मॅन्युअल असलेली आणि बंद असलेली सर्व्हिस डिसेबल करून तर शून्य फायदा आहे, कारण घरी बसलेल्या माणसाचा पगार तुम्ही देतच नव्हता.

आता तुमच्या चक्करचं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना बघा, चालू केल्यावर बराच वेळ 100 टक्क्याला चिकटलेला असेल तर दुखणं सर्व्हिसचं नाही, फिरणाऱ्या हार्ड डिस्कचं आहे. त्यावर दोन सर्व्हिस तपासून बघण्यासारख्या आहेत. एक सिसमेन, जिचं जुनं नाव सुपरफेच. तुम्ही रोज काय उघडता ते बघून ते आधीच रॅममध्ये आणून ठेवणं हे तिचं काम. साध्या हार्ड डिस्कवर कधीकधी हीच डिस्कला दम काढू देत नाही. आठवडाभर बंद ठेवून बघा, फरक पडला तर राहू दे बंद, नाही पडला तर परत ऑटोमॅटिक करा, एसएसडी (न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क) असेल तर हात लावायचं कारणच नाही. दुसरी विंडोज सर्च. ती मात्र बंद करू नका, त्यापेक्षा कंट्रोल पॅनेलमध्ये ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये जाऊन नको ते फोल्डर काढा. फोटोंचं 200 जीबीचं फोल्डर कशाला सारखं शोधायला ठेवायचं?

पण खरं सांगू का सर, सगळ्या सर्व्हिस धुऊन पुसून काढल्या तरी जेवढा फरक पडेल त्याच्या कितीतरी पट फरक एसएसडी बसवून पडतो. आणि दुसरं, विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, तेव्हा लॅपटॉपवर पैसे घालायच्या आधी तो इलेव्हन घेतो का तेवढं दुकानात विचारून घ्या.

प्रश्न : आमचं शाहूपुरीत करसल्लागाराचं ऑफिस आहे. भाच्यानं व्हिडिओ बघून चाळीस-एक सर्व्हिस बंद केल्या. कॉम्प्युटर जरा पळायला लागला म्हणून खूश होतो, पण आता डिजिटल सहीचं टोकन लावलं तरी दिसत नाही, प्रिंटर गायब आणि एका मशीनवर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे लायसन्स नसल्यासारखं, उघडतंय. रिटर्न भरायची 20 तारीख तोंडावर आलीय, प्लीज लवकर सांगा. — एक ताई

ताई, तुम्हाला उत्तर फोनवर दिलंच होतं, पण बाकीच्यांसाठी इथं छापतोय कारण हा घोळ मी ह्याच वर्षी तिसऱ्यांदा बघतोय.

अशा व्हिडिओतल्या याद्या बहुतेक परदेशातल्या गेम खेळणाऱ्या पोरांसाठी केलेल्या असतात. त्यात ‘स्मार्ट कार्ड’ ही सर्व्हिस हमखास असते, कारण त्या पोराला स्मार्ट कार्डशी काही देणंघेणं नाही. पण आपल्याकडं रिटर्न भरायला जे यूएसबी टोकन लावतो ना, ते विंडोजला स्मार्ट कार्डच वाटतं. ती सर्व्हिस गेली की टोकनचा लाइट लागतो, पण सहीच्या यादीत नाव येत नाही, आणि माणूस टोकन खराब झालं म्हणून नवीन घ्यायला पळतो. तर ‘स्मार्ट कार्ड’ आणि ‘सर्टिफिकेट प्रोपगेशन’ ह्या दोन्ही शोधा, डिसेबल्ड असतील तर ऑटोमॅटिक करा, अप्लाय करा आणि मग स्टार्ट दाबा. हा क्रम लक्षात ठेवा, डिसेबल्ड असताना स्टार्टचं बटण दाबताच येत नाही, आणि लोक तिथंच अडकतात.

प्रिंटर गेला तो ‘प्रिंट स्पूलर’मुळं. ती ऑटोमॅटिक पाहिजे. कागदावरच्या प्रिंटबरोबर ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ पण तिच्यावरच चालतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. आता प्रिंट स्पूलरला यादीवाले शिव्या का घालतात, तर 2021 च्या जून-जुलैत तिच्यात एक मोठं भोक सापडलं होतं, प्रिंटनाइटमेअर म्हणून गाजलं, आणि तेव्हा ज्या मशीनला प्रिंटर नाही तिथं ही बंद ठेवा असा सल्ला खरंच होता. ‘प्रिंटर नाही तिथं’ हे शब्द व्हिडिओत पोचेपर्यंत गळून पडले.

टॅलीचं असं, की एकच लायसन्स ऑफिसातल्या दोन-चार मशीनवर वाटून चालत असेल तर ज्या मशीनवर लायसन्स बसवलंय तिथं ‘टॅली गेटवे सर्व्हर’ चालू पाहिजे. ती भाच्याला ओळखीची वाटली नसणार. ज्या सर्व्हिसच्या नावात तुम्ही पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरचं नाव आहे तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, डोंगलवाल्यांना (डोंगल म्हणजे सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यूएसबी चावी) तर अजिबात नाही.

राहिल्या सदतीस. भाच्यानं लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून रिस्टोअर पॉइंट (विंडोजनं जपून ठेवलेली आधीची सेटिंग) बघितला, तो पण नव्हता. मग शेजारच्या मशीनवर तेच विंडोज होतं, तिथली यादी काढून एकेक ओळ ताडून बघायला लागली. सर्व्हिसेसच्या खिडकीत ‘अ‍ॅक्शन’ मेनूत ‘एक्स्पोर्ट लिस्ट’ आहे, एका क्लिकमध्ये सगळ्या सर्व्हिसची नावं आणि त्यांचा स्टार्टअप टाइप टेक्स्ट फाइलमध्ये येतो. दहा सेकंदांचं काम. ते आधी केलं असतं तर माझा रविवार वाचला असता (मिसळ खायला जायचं होतं, ते राहिलं).

प्रश्न : तुम्ही सारखं ‘जपून, जपून’ करताय. सरळ सांगा की कुठल्या बंद करू आणि कुठल्या नको. — कागलहून

सरळ यादी दिली की तुम्ही कात्रण काढून कॉम्प्युटरला चिकटवणार आणि पुढच्या महिन्यात मला फोन करणार. पण बरं, सांगतो, फक्त माझ्या पद्धतीनं ऐका.

सुरुवात मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसपासून करायचीच नाही. ‘एमएसकॉन्फिग’ (विंडोज चालू होतानाच्या सेटिंगची खिडकी) उघडा, ‘सर्व्हिसेस’ टॅबला जा आणि खाली ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ हा चौकोन आहे त्यावर पहिल्यांदा टिक करा. आता जे उरलं ते बाहेरून आलेलं. घरात कोण कोण पाहुणा म्हणून आला आणि मुक्कामच ठोकून बसला ते इथं दिसतं. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या प्रिंटरचा मदतनीस, लॅपटॉप कंपनीचा ‘असिस्टंट’, चार वेगवेगळ्या सॉफ्टवेअरचे चार अपडेटर, पोरानं एकदा टाकलेल्या गेमचा लाँचर. मशीन खरंच जड होतं ते ह्यांनी. आणि ह्यातलं जे लागतच नाही ते बंद करत बसू नका, कंट्रोल पॅनेलमधनं सॉफ्टवेअरच काढून टाका, सर्व्हिस आपोआप जाते. जे लागतं पण रोज लागत नाही ते मॅन्युअल करा. अपडेटर बंद केलात तर ते सॉफ्टवेअर महिन्यातनं एकदा स्वतः अपडेट करायची जबाबदारी तुमची. ब्राउझर आणि पीडीएफवाल्याचा अपडेटर मी स्वतः कधीच बंद करत नाही.

मग मायक्रोसॉफ्टच्या. ‘डाउनलोडेड मॅप्स मॅनेजर’ बंद केल्यानं आजवर कुणाचं काही अडलेलं मी बघितलं नाही. ‘फॅक्स’ दिसत असेल तर ती पण. ‘कनेक्टेड यूजर एक्सपीरियन्सेस अँड टेलिमेट्री’ म्हणजे मायक्रोसॉफ्टला वापराची माहिती पाठवणारी, ती बंद केली तरी रोजचं काम चालतं, पण मोठ्या अपडेटनंतर परत चालू झालेली दिसली तर नवल मानू नका. स्कॅनर नसेल तर ‘विंडोज इमेज अ‍ॅक्विझिशन’ मॅन्युअल करा. ‘एक्सबॉक्स’च्या नावानं तीन-चार दिसतात आणि त्या बघून सगळ्यांचा जीव वरखाली होतो, पण त्या मुळात मॅन्युअलच असतात, खेळत नसाल तर झोपलेल्याच आहेत. ‘रिमोट रजिस्ट्री’ घरच्या मशीनवर आधीच डिसेबल्ड असते, तशीच राहू द्या.

हात लावायचा नाही अशा : नावात ‘आरपीसी’ किंवा ‘रिमोट प्रोसीजर कॉल’ आहे त्या, ‘डीकॉम सर्व्हर प्रोसेस लाँचर’, ‘प्लग अँड प्ले’, ‘पॉवर’, ‘विंडोज इव्हेंट लॉग’, ‘क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस’, ‘यूजर प्रोफाइल सर्व्हिस’, ‘डीएचसीपी क्लायंट’, ‘डीएनएस क्लायंट’, ‘विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन’. ‘बेस फिल्टरिंग इंजिन’ हे नाव ऐकून काहीतरी फालतू वाटतं, पण ती गेली की फायरवॉल गेली. आणि ‘विंडोज टाइम’ला का नाही विचाराल तर जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपला की घड्याळ मागं जातं, तारीख चुकली की बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही, आणि तुम्ही इंटरनेटवाल्याला शिव्या घालत बसता. सेल बदलेपर्यंत निदान वेळ जुळवणारी सर्व्हिस तरी असू दे.

एखादीबद्दल खात्री नसेल तर तिच्यावर डबल क्लिक करून ‘डिपेंडन्सीज’ टॅब बघा. वरच्या चौकोनात ती कुणाच्या जिवावर चालते ते, खालच्या चौकोनात तिच्या जिवावर कोण चालतं ते. खालचा चौकोन भरलेला असेल तर ती सर्व्हिस सोडून पुढं चला.

आणि एका वेळी एक, फार तर दोन. मग शटडाउन नाही, रिस्टार्ट करायचं. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं, त्यामुळं शटडाउन केलं तरी ते आतला बराच भाग डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं, म्हणजे तुमच्या बदलाची खरी परीक्षाच होत नाही. रिस्टार्ट केलं की सगळं पहिल्यापासून उठतं. मग तीन-चार दिवस वापरा, प्रिंट काढा, हेडफोन जोडा, व्हिडिओ कॉल करा, मगच पुढची. रिस्टोअर पॉइंटचं पण आधी बघा, विंडोज टेनच्या पुष्कळ मशीनवर ते संरक्षण बंदच असतं. सर्चमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ टाकायचं, सी ड्राइव्हसाठी चालू करायचं आणि ‘क्रिएट’ दाबायचं.

प्रश्न : फरक पडला का नाही हे मोबाइलच्या स्टॉपवॉचनंच बघायचं का? — राजारामपुरी

नको, विंडोज स्वतः लिहून ठेवतं. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं आत जा. 100 नंबरच्या नोंदीत चालू व्हायला किती वेळ लागला ते मिलिसेकंदात असतं, म्हणजे 60000 लिहिलं असेल तर एक मिनिट. 103 नंबरची नोंद असेल तर कुठल्या सर्व्हिसनं उशीर केला तिचं नावच मिळतं. अंदाजानं चाळीस बंद करण्यापेक्षा ह्या नोंदीत सापडलेली एक पकडा.

प्रश्न : मी गंगावेशीत डीटीपी करतो. टच स्क्रीन नाही म्हणून ‘टच कीबोर्ड अँड हँडरायटिंग पॅनेल’ बंद केली. आता वर्डमध्ये टाइप होतं पण स्टार्टच्या सर्चमध्ये एक अक्षर उमटत नाही आणि मराठी-इंग्रजी बदलताना पण अडकतंय. कीबोर्ड बदलून बघितला, तेच.

कीबोर्ड परत करा दुकानदाराला, घेतला तर. ह्या सर्व्हिसचं नाव फसवं आहे. टच स्क्रीनच्या कामाबरोबर भाषा बदलणं, इमोजीची खिडकी, स्टार्ट मेनूसारख्या नव्या धाटणीच्या खिडक्यांत अक्षरं पोचवणं ही कामं पण तिच्याच वाटेनं होतात. विंडोज इलेव्हनमध्ये तिचं नाव बदलून ‘टेक्स्ट इनपुट मॅनेजमेंट सर्व्हिस’ केलंय, तेच आधी केलं असतं तर निम्मे लोक वाचले असते. सर्चमध्ये टाइप होत नाही तर सर्व्हिसेस उघडणार कशी, तर विंडोज आणि आर दाबा, ती जुनी रन खिडकी अजून चालते. टेनवर मॅन्युअल करा, इलेव्हनवर ऑटोमॅटिकच ठेवा, रिस्टार्ट करा. इंग्रजी एकच भाषा वापरणाऱ्याला हा घोटाळा कदाचित दिवसभर कळणार पण नाही, दोन भाषांत काम करणाऱ्या आपल्यासारख्याला पाच मिनिटांत कळतो.

प्रश्न : इचलकरंजीत माझं दुकान आहे, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरनं घेतो. विंडोज अपडेट सगळा डेटा खातं म्हणून ती सर्व्हिस बंद केली, चार दिवसांनी परत चालू. तीनदा बंद केली, तीनदा चालू. हे भूत कसं काढू?

ते भूत नाही, ती राखण आहे. ‘विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस’ म्हणून एक वेगळी सर्व्हिस असते, अपडेटला कुणी पाडलं की तिला उठवून बसवणं हेच तिचं काम. तिच्याशी कुस्ती खेळू नका, तुम्ही दुकान सांभाळणार का हिला चितपट करणार?

तुमचं दुखणं अपडेटचं नाही, डेटाचं आहे. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, मग मोठे अपडेट आपणहून उतरत नाहीत. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये दुसऱ्या कॉम्प्युटरना अपडेट वाटायचा पर्याय असतो, तो बंद करा, नाहीतर तुमच्या डेटातनं दुसऱ्याला जेवण. धंद्याच्या वेळात रिस्टार्ट नको असेल तर ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ 18 तासांपर्यंत लावता येतात. आणि महिन्यातनं एकदा घरच्या वायफायवर मशीन नेऊन अपडेट करून घ्या, ते टाळू नका.

प्रश्न : मी एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन ‘डिसेबल ऑल’ दाबलो (हो, तो मायक्रोसॉफ्टवाला चौकोन टिक न करता), रिस्टार्ट केलो आणि आता पिन घेतच नाही, ‘युअर पिन इजन्ट अव्हेलेबल’ म्हणतंय. कॉलेजचा प्रोजेक्ट आत अडकलाय!! — कसबा बावड्याची एक विद्यार्थिनी

रडू नको बाळ, प्रोजेक्ट आहे तिथंच आहे. पिन तपासणाऱ्या सर्व्हिस पण मायक्रोसॉफ्टच्याच, त्या तू झोपवल्यास म्हणून दार उघडायला कोण नाही.

लॉगिनच्या पडद्यावर खाली पॉवरचं चिन्ह आहे, शिफ्ट दाबून धर आणि रिस्टार्ट कर. निळा पडदा येईल, त्यात ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि मग 4 दाब, म्हणजे सेफ मोड, अगदी मोजक्या सर्व्हिसवर चालणारं विंडोज. तिथं पिनऐवजी पासवर्ड लागू शकतो, तो आठवून ठेव. आत गेलीस की एमएसकॉन्फिग उघड, ‘नॉर्मल स्टार्टअप’ निवड, ओके, रिस्टार्ट. झालं.

एक अडचण मधी येऊ शकते. नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली (बिटलॉकर नावाच्या कुलपात) असते आणि सेफ मोडला जाताना ते बिटलॉकरची 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुतेक वेळा तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते, मोबाइलवरनं लॉगिन करून बघ. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी ती आजच कागदावर लिहून कपाटात ठेवा, लाइट बिलाच्या फाइलीत ठेवली तरी चालेल. आणि एमएसकॉन्फिगच्या ‘बूट’ टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर टिक करायची हौस करू नका, मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उठणार आणि पासवर्ड आठवत नसेल तर तुम्ही बाहेरच. तिथंच ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ वाढवला की स्पीड वाढतो ही पण थाप आहे, विंडोज सगळे कोअर आधीच वापरत असतं.

प्रश्न : ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ लई रॅम खातंय, उडवू का? — शिरोली

नाही. तो विंडोजचाच अँटीव्हायरस डिफेंडर आहे, दारावरचा वॉचमन. दुपारी जेवायच्या वेळी स्कॅन लावा. दोन अँटीव्हायरस टाकले असतील तर एक काढा, तिथंच रॅम मोकळी होईल.

प्रश्न : काही सर्व्हिसच्या नावाला मागं अंडरस्कोर आणि पाच-सहा अक्षरं असतात, उद्या बघितलं तर ती अक्षरं वेगळीच. हॅक झालोय का मी?

नाही झालायस भावा. त्या प्रत्येक यूजरसाठी वेगळ्या तयार होणाऱ्या सर्व्हिस आहेत, लॉगिन केलं की जन्माला येतात आणि लॉगआउटला जातात, म्हणून शेपूट दर वेळी नवीन. त्यांना यादीतनं बंद करायचा प्रयत्न फुकट आहे.

प्रश्न : मी विद्यापीठात शिकतो, उबुंटू (लिनक्स) वापरतो. ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’ (चालू होताना कुठल्या सर्व्हिसला किती वेळ लागला ते दाखवणारी कमांड) केलं तर ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ सगळ्यात वर येते. उडवली तर चालते का?

घरच्या लॅपटॉपवर चालते. ती फक्त नेट जोडलं जाईपर्यंत थांबून राहते, नेट जोडत नाही, नेट जोडणारी ‘नेटवर्कमॅनेजर’ वेगळी. चालू होतानाच नेटवरचा फोल्डर माउंट करत (जोडून घेत) असशील तर मात्र राहू दे. पण ब्लेमची यादी वाचताना एक ध्यानात ठेव, तिथं सर्व्हिस एकाच वेळी पळत असतात, त्यामुळं वर दिसणारीच वेळ खातीय असं नाही, त्यासाठी ‘क्रिटिकल-चेन’ (कोण कुणासाठी थांबलं ती साखळी) बघ. आणि ‘मास्क’ करू नकोस, ‘डिसेबल’च कर. डिसेबल केलेली दुसऱ्या कुणाला लागली तर उठते, मास्क केलेली कुणी हाक मारली तरी उठत नाही.

प्रश्न : उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. मशीनला प्रोग्राम पाठवायला विंडोज एक्सपीचा जुना कॉम्प्युटर अजून आहे, 512 एमबी रॅम. नवीन घ्यायचं तर मशीनचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. ह्याच्यातल्या सर्व्हिस कमी करून जीव लांबवता येईल का?

येईल, आणि खरं म्हणजे सर्व्हिस बंद करायचा सगळा शौक जन्माला आला तो ह्याच काळात. एक्सपी 2001 ला आलं तेव्हा पुष्कळ मशीनला 128 एमबी रॅम असायची, तिथं पाच-दहा एमबी सुटणं म्हणजे लॉटरी. आजच्या 8-16 जीबीवाल्याला त्या वेळच्या युक्त्या शिकवल्या जातात हेच मला कळत नाही. पण तुमच्याकडं अजून तोच जमाना आहे, तर तुम्हाला चालतात.

एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, तेव्हा ‘ऑटोमॅटिक अपडेट्स’ बंद करा, कुणी काही पाठवणार नाही. ‘थीम्स’ बंद केली की खिडक्या जुन्या राखाडी दिसतील, पण हलक्या होतील. ‘एरर रिपोर्टिंग’, ‘इंडेक्सिंग सर्व्हिस’, ‘मेसेंजर’ गेल्या तरी चालतात. डोंगल असेल तर त्याची सर्व्हिस सोडा, आणि सीरियल केबल लावून प्रोग्राम पाठवणारं सॉफ्टवेअर जे जे मागतं ते सोडा.

पण हे सगळं करायच्या आधी त्या हार्ड डिस्कची अख्खी इमेज (विंडोजसकट हुबेहूब नक्कल) काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा, नुसत्या फाइली नव्हे, इमेज. आणि नेटची वायर काढून टाका, पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर तपासल्याशिवाय लावू नका.

मी हे एवढं का बजावतोय ते सांगतो. एक्सपीच्याच जमान्यात मी नवीन नवीन रिपेअरिंगला लागलो होतो आणि एका गिऱ्हाइकाच्या मशीनवर ‘रिमोट’ हा शब्द दिसला, म्हणलं ह्याला कशाला कोण लांबून कनेक्ट होणाराय, आणि ‘रिमोट प्रोसीजर कॉल’ डिसेबल करून टाकली. तेव्हा ते करता यायचं, आता विंडोज टेनमध्ये तो पर्याय फिकट करून ठेवलाय. रिस्टार्ट केलं तर टास्कबार नीट येईना, नेटवर्क नाही, कॉपी-पेस्ट नाही, आणि सर्व्हिसेसची खिडकी उघडली तर आत पांढरं फटक, कारण ती खिडकीच त्या सर्व्हिसवर चालते. मालक मागं उभे. मी ‘जरा सीडी आणतो’ म्हणून बाहेर पडलो, खरोखर सीडी आणायला. सीडीवरच्या रिकव्हरी कन्सोलमध्ये (नुसत्या कमांड टाकायचा काळा पडदा) जाऊन ‘एनेबल आरपीसीएसएस सर्व्हिस ऑटो स्टार्ट’ ही एक ओळ टाकली (आरपीसीएसएस हे त्याच सर्व्हिसचं आतलं नाव) की सगळं परत आलं, पण ती ओळ सापडेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजले होते. मालकांनी मधी दोनदा चहा दिला आणि शेवटी विचारलं, ‘काय बिघडलं होतं?’

मी म्हणलं, ‘व्हायरस होता.’